सासू-सासरे मिशनवर, घर रिकामं आणि दरमहा ७५० डॉलर

नमस्कार,

तुमचं पत्र आणि सोबत जोडलेल्या सासूबाईंच्या दर सोमवारच्या ईमेली, दोन्ही वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही कोल्हापूरच्या, लग्न अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) घरात, मुक्काम लेहायमध्ये भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. सासरे ६८, सासूबाई ६६. चर्चच्या ज्येष्ठ दांपत्यांच्या सेवेत, म्हणजे मिशनवर, दोघं वर्षभरासाठी फिलिपिन्समध्ये सेबूला गेले, त्याला सात महिने झाले. आता मुदत तेवीस महिन्यांपर्यंत वाढवायची त्यांची इच्छा आहे. त्या जादा अकरा महिन्यांसाठी तुम्ही दरमहा ७५० डॉलर द्यावेत, असं सासऱ्यांनी सुचवलंय. "नाही म्हणायला जीभ रेटत नाही, हो म्हणायला खातं रेटत नाही," असं तुम्ही लिहिलंत.

माझं मत आधीच सांगून टाकते: रोख देऊ नका. त्यांचं ओरेममधलं रिकामं घर रीतसर भाड्याने घ्या.

मिशन म्हटलं की खर्च चर्च करत असेल, असं आपल्याकडच्या पुष्कळांना वाटतं. तसं नाही. अठरा-वीस वर्षांची पोरं जातात त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या कुटुंबांना २०२० पासून महिना ५०० डॉलरचा ठरावीक आकडा आहे, मग पोरगा पेरूत जावो की जपानमध्ये. ज्येष्ठ जोडप्यांचं मात्र जिथे जातील तिथल्या खर्चाप्रमाणे, आणि तोही आपल्याच खिशातून: घरभाडं, जेवण, प्रवास, आरोग्य योजनेचा हप्ता. घरभाड्याला चर्चने वरची मर्यादा घातलेली आहे, पण सेबूत ती गाठली जाण्याचा प्रश्नच नाही.

तुम्ही पाठवलेला त्यांचा महिन्याचा हिशेब असा: सेबूत भाडं आणि वीज ९००, जेवण ४५०, प्रवास-फोन २५०, परदेशातली आरोग्य योजना ५००, म्हणजे २,१००. इकडे रिकाम्या घराचा कर, विमा, देखभाल ८५०; मेडिकेअर पार्ट बी (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा डॉक्टरी खर्चाचा भाग) दोघांचं ३७०; मेडिगॅप (त्यावरचा खाजगी पूरक विमा) ३४०; उभ्या गाडीचा विमा १४०; म्हणजे १,७००. उत्पन्नाचा दशमांश चर्चला, ३४०. एकूण ४,१४०. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, येतात ३,४००. तूट ७४०. म्हणजे तुमच्याकडे मागितलेले ७५० कुठून आले ते कळलं. पहिल्या वर्षाची तूट साठवलेल्या पैशातून जातेय, आणि आयआरएला (निवृत्तीसाठीच्या बचत खात्याला) सासऱ्यांना हात लावायचा नाही.

पण हा हिशेब पुरा नाही, हे सासूबाईंच्या ईमेली सांगतात. मला त्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडल्या. सोमवारी कपडे धुणं आणि बाजार. बाजारात पिठाच्या पिशव्या आणि केळी, कारण मंगळवारी मिशनच्या ऑफिसात येणाऱ्या पोरांसाठी केळ्याचा ब्रेड भाजायचा. मंगळवार ते शुक्रवार सासरे ऑफिसात बसून पोरांच्या खोल्यांची भाडी भरतात, व्हिसाचे कागद बघतात. गुरुवारी बोटीने पलीकडच्या बेटावर जाऊन त्याच खोल्यांची तपासणी. जाताना एक पंखा विकत घेतला, "त्या दोघांना झोपच येत नव्हती" म्हणून. शनिवारी बाप्तिस्मा असला तर त्यानंतरचा खाऊ. रविवारी दोन तासांची सभा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी. हे ब्रेड, पंखे, बोटीची तिकिटं तक्त्यात कुठेच नाहीत. सात ईमेलींतलं मोजून मी महिना २०० धरते. ते कमी करा असं मी चुकूनही सांगणार नाही; त्या बाईला तिथे ठेवणारी गोष्ट नेमकी तीच आहे. तूट मात्र ७४० नाही, ९४० आहे. तुम्ही ७५० पाठवले असते तरी तीन महिन्यांनी दुसरा फोन आला असता.

आता तुमची बाजू. ७५० काढण्यासाठी तुमचं ४०१-के (नोकरीतलं निवृत्तीचं बचत खातं) ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणायचं, असं घरात ठरत होतं. कंपनी ५ टक्क्यांपर्यंत तुमच्याएवढेच पैसे घालते. म्हणजे तुम्ही घातले नाहीत तर तिचेही गेले, आणि ते परत मिळत नाहीत. दुसरी सूचना होती कोल्हापूरला आईबाबांना जाणारे ३०० निम्मे करण्याची. यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि पुढच्या विषयाकडे वळलात. मी वळत नाही. बाबांच्या औषधांच्या पैशाला कात्री लावून दुसऱ्या आईवडिलांच्या सेवेचा खर्च चालवणं मला हिशेबातही पटत नाही आणि हिशेबाबाहेरही.

"मिशनसाठी दिले म्हणजे करात वजावट मिळेल", हा तुमच्या यजमानांचा मुद्दा १९९० सालीच निकालात निघालेला आहे. डेव्हिस विरुद्ध युनायटेड स्टेट्स या खटल्यात मॉर्मन आईवडिलांनी मिशनवरच्या मुलांच्या खात्यात थेट पैसे घातले होते. सुप्रीम कोर्टाने ती देणगी मानली नाही. मुलाने आईवडिलांना पाठवले तरी न्याय तोच. सासरे स्वतःचा सेवेचा खर्च वजावटीत दाखवू शकतात, पण त्यांचा २,१०० चा खर्च, दशमांश आणि घराचा कर मिळूनही वर्षाचा आकडा ३२,००० च्या आसपासच जातो. २०२५ ची प्रमाणित वजावट, जी पावत्यांशिवायच मिळते, त्यांच्या वयाच्या जोडप्याला ३४,७०० होती. पावत्या जमवत बसण्यात अर्थ नाही.

यजमानांची दुसरी युक्ती जास्त विचार करण्याजोगी: परदेशात मेडिकेअर चालतच नाही, मग अकरा महिने पार्ट बी आणि मेडिगॅप बंद ठेवले तर ७,८१० वाचतात. यातलं अर्धं खरं आहे. एरवी पार्ट बी सोडलं की दर पूर्ण वर्षामागे हप्ता कायमचा १० टक्के वाढतो आणि परत नाव घालायला जानेवारी ते मार्चची वाट पाहावी लागते. पण करमुक्त धर्मादाय संस्थेमार्फत, किमान बारा महिन्यांच्या कार्यक्रमात, अमेरिकेबाहेर स्वयंसेवा करणाऱ्याला, तिथे आरोग्य विमा असेल तर, वेगळी सवलत आहे: परतल्यावर दंडाशिवाय पार्ट बी पुन्हा घेता येतं. ही तरतूद फार थोड्या लोकांना माहीत असते. अडचण मेडिगॅपची आहे. पार्ट बी गेलं की ते जातं, आणि पुन्हा मागताना कंपनी प्रकृतीची चौकशी करून नकार देऊ शकते. सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय. त्या माणसाचं मेडिगॅप मी सोडू देणार नाही. सासूबाईंची तब्येत ठणठणीत आहे, त्यांचं बंद करता येईल असं कागदावर दिसतं. तरी सहासष्टाव्या वर्षी परक्या देशात पाय घसरायला एक ओला जिना पुरतो, आणि मग परतल्यावर त्यांनाही नकार मिळू शकतो. दोघांचंही चालू ठेवा.

आता घराकडे येऊ. तुम्ही लेहायला १,९५० भाडं भरता, करार दोन महिन्यांत संपतोय. ओरेमच्या घराला २,००० सहज येतील, असं तुम्हीच लिहिलंत. तुम्ही तिथे राहायला गेलात की तुमच्या खिशातून महिना ५० जादा जातात, शिवाय आय-१५ महामार्गावरचं पेट्रोल. त्यांची ९४० ची तूट भरून हजारभर डॉलर उरतात, आणि गवत-बर्फ काढण्याचा खर्चही तुमच्याकडे येतो. मुदत वाढण्याआधीचे तीन महिनेही यात आलेच.

सासरे म्हणाले, "मुलाकडून भाडं घेणं बरं दिसत नाही." त्यांना सांगा, बरं दिसावं म्हणून भाडं कमी केलं तर अमेरिकेचं करखातं ते घर भाड्याचं मानतच नाही, नातेवाइकाचा घरगुती वापर मानतं, आणि खर्च नीट वजा करता येत नाही. बाजारभाव, लेखी करार, बँकेतून पैसे. मग घराचा कर, विमा, दुरुस्ती, घसारा वजा होऊन करपात्र रक्कम बरीच खाली येते. आयआरए न काढल्यास त्यांचं उत्पन्न अशा पातळीवर राहतं की सोशल सिक्युरिटीवर कर लागू नये. जोडप्यासाठी ती रेघ ३२,००० ची आहे, आणि तिच्यात सोशल सिक्युरिटी निम्मीच धरतात. पुढे घर विकलं तर घसाऱ्याचा भाग करात येईल, पण शेवटच्या पाचपैकी दोन वर्षं तिथे राहिल्याची अट ते आरामात पुरी करतात, त्यामुळे नफ्यावरची ५ लाखांपर्यंतची सूट शाबूत.

तुमची खरी धास्ती वेगळी आहे, हे दिसतं: सासूबाईंच्या स्वयंपाकघरात चौदा महिने फोडण्या. बेसमेंटमध्ये गव्हाचे डबे, दूध पावडर, वर्षभराचा साठा छताला टेकलेला. त्यातला एक हलला तरी त्यांना सेबूत कळेल, असं तुम्ही लिहिलंत. बेसमेंटला कुलूप लावा, करारात ती खोली वगळा, भाडं १,९५० करा. फोडणीसाठी बाहेर पडवीत एक शेगडी ठेवा. युटाच्या जानेवारीत ती कितपत पेटेल, ते तुम्ही ठरवा.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. घर सात महिने रिकामं आहे, हे विमा कंपनीला कोणी कळवलंय का ते सासऱ्यांना विचारा. पुष्कळ पॉलिसींत तीस किंवा साठ दिवस घर रिकामं राहिलं की पाइप फुटण्यासारखं नुकसान भरून मिळत नाही. तुम्ही राहायला जाल तेव्हा ती पॉलिसी भाड्याने दिलेल्या घराची करून घ्यावी लागेल आणि तुमच्या सामानाची वेगळी, भाडेकरूची. आणि लेहायच्या अपार्टमेंटला साठ दिवसांची नोटीस लागत असेल तर तुमच्या हातात हा शनिवार-रविवारच आहे. सेबू तुमच्यापेक्षा पंधरा तास पुढे, हिवाळ्यात. रविवारी संध्याकाळी फोन केलात तर त्यांचा सोमवार सकाळचा बाजार व्हायचा असेल.