नस दबली आहे, हलले तर तुटेल ना?

"मॅडम, दुखतंय कंबरेत नि पायात, आणि डॉक्टरांनी मला तुमच्याकडे पाठवलं. म्हणजे माझं दुखणं खोटं आहे असं त्यांना वाटतं का?"

मी समुपदेशक, मनाशी काम करणारी. त्यामुळे हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. बोलणारे बदलतात, वाक्य तेच राहतं. आणि त्याच्या पाठोपाठ, जरा खालच्या आवाजात, दुसरं येतं: "नस दबली आहे. जास्त हललं तर तुटेल ना?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देते. दुखणं खोटं नसतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७९ साली केलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येतच वेदना हा शरीराचा आणि भावनेचा असा दुहेरी अनुभव मानला आहे, आणि माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान राखावा असंही त्यात सांगितलं आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आठवडे लागतात.

सुनंदाताई (नाव बदललं आहे, काही तपशीलही) आल्या तेव्हा एकावन्न वर्षांच्या होत्या. दांडिया बाजारात घर, पंचवीसएक वर्षांपासून शिवणकाम. वर्षभर ब्लाउज, आणि आषाढ लागला की नवरात्राच्या चणियाचोळ्या. बडोद्यात नवरात्राच्या आधीचे तीन महिने शिवणाऱ्या बाईला जेवायला सवड नसते, हे इथल्यांना सांगायला नको. दीड वर्षापूर्वी गॅसचा सिलिंडर सरकवताना कंबरेत चमक भरली आणि दोन दिवसांत उजव्या नितंबापासून पोटरीच्या बाहेरच्या अंगानं अंगठ्यापर्यंत वीज धावू लागली. एमआरआय झाला. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाब आला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, औषध घ्या, व्यायाम करा, जपून राहा.

ताईंनी त्यातलं फक्त "जपून राहा" घरी नेलं.

पहिल्या भेटीत मी नेहमीचे तीन प्रश्न विचारले. लघवी-शौचावरचा ताबा गेलाय का? घोड्यावर बसताना खोगीर टेकतं त्या भागात बधिरपणा आहे का? चालताना पाऊल लोंबतं का? यातलं एक जरी "हो" असतं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं असतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला यातलं काही होत असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि दवाखाना गाठा. ताईंची तिन्ही उत्तरं "नाही" होती. डॉक्टरांनीही तपासून हालचालीला परवानगी दिली होती.

मग घरात काय काय बंद झालंय ते त्या सांगू लागल्या. मशीनवर जुनी चादर. नातवाला उचलणं बंद. मंगळ बाजारात लेस-गोटा आणायला जाणं बंद. हिंचक्यावर बसणंसुद्धा बंद, कारण पायानं रेटा दिला की मुंग्या येतात. मुलगा म्हणतो, "ना, आई, तू उठू नकोस." सून हातातलं पातेलं काढून घेते. यजमान सकाळी डोळे उघडताच विचारतात, "आज कसं आहे?" प्रेमाचीच माणसं सगळी. पण दुखणं पहिल्या चार महिन्यांतच थोडं उतरलं होतं आणि घराचे नियम मात्र वाढतच गेले होते.

"बरं वाटलं की सुरू करीन सगळं," त्या म्हणाल्या.

"किती बरं वाटलं की?"

"अजिबात दुखलं नाही की."

मी ज्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत वाढले, ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. त्यांना स्वतःला चाळिशीपासून मधुमेह होता, तरी नव्वदीतही ते काम करत राहिले. त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकले: माणसाला परिस्थितीइतकंच, कधी तिच्याहून जास्त, त्याचं स्वतःचं फर्मान छळतं. मराठीत हे फर्मान ओळखणं सोपं आहे, ते एका अक्षरात सापडतं. "दुखणं थांबलं तर बरं" ही इच्छा झाली. "दुखणं थांबलंच पाहिजे, मगच मी जगणार" हे फर्मान झालं. समोरचं माणूस बोलत असतं तेव्हा मी कान लावून तो "च" ऐकत असते.

तीन भेटी मी समजावत राहिले. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाठदुखी अजिबात नसलेल्या ९८ माणसांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून जास्त, ५२ टक्के लोकांच्या एक तरी चकतीला फुगवटा निघाला. सगळ्या चकत्या नीट असलेले फक्त ३६ टक्के. म्हणजे फिल्मवर दिसणारं सगळंच दुखतं असं नाही. सरकलेला भाग पुष्कळदा शरीर आपणच हळूहळू विरघळवतं, हेही सांगितलं. त्या मान डोलवत. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न घेऊन येत.

चौथ्या भेटीत त्यांनी पुन्हा एमआरआयचं पाकीट आणलं होतं. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून म्हणाल्या, "बघा ना एकदा, किती दबलीय."

मी म्हटलं, "ताई, यात तुमची नस कुठे आहे?"

त्यांनी पाहिलं, बोट इकडे नेलं, तिकडे नेलं. "ते मला काय कळणार?"

"मग रोज जिला सांभाळता, ती डोळ्यांपुढे कशी येते?"

खूप वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दोरा. मशीनखाली अडकलेला दोरा असतो ना, तसा. ताणून बसलेला. जरा ओढला की तुटणार."

ते ऐकताना मला माझी चूक कळली. तीन आठवडे मी एका चित्राशी आकड्यांनी भांडत होते. चित्राला उत्तर चित्रानंच द्यावं लागतं, आणि तेही ज्याचं त्याच्याकडून यावं लागतं. आपल्याकडे "नस" या शब्दाखाली रक्तवाहिनी येते, आखडलेला स्नायू येतो आणि मज्जातंतूही येतो, मग ज्याला जे सुचेल ते तो पाहतो. ताईंना दोरा सुचला. सायटिकाची नस ही शरीरातली सगळ्यांत जाड नस, नितंबात ती जवळजवळ अंगठ्याएवढी रुंद असते. दाब येतो तो वर, मणक्याजवळच्या मुळाशी. तिथे ती बारीक असते, पण पाय हलला की थोडी सरकते, ताणून बांधलेली नसते. हे मी सांगितलं. पण त्याआधी एक विचारलं.

"दोरा अडकला की तुम्ही काय करता?"

त्या चटकन बोलू लागल्या, कारण हा त्यांचा प्रांत होता. "मोटर बंद करायची. सुईजवळचा फूट वर उचलायचा. मग चाक हातानं, अगदी हळू, थोडं मागे, थोडं पुढे. हिसका नाही द्यायचा. बॉबिन काढून बघायची. सुटतो दोरा."

"मशीनवर चादर घालून दीड वर्ष ठेवून देत नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फिल्म हळूच मांडीवर ठेवली. डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. "नवीन मुलींना मीच सांगते, मॅडम. चाक सोडू नका, पण जोरानं फिरवू नका."

मला पुढे काही बोलावं लागलं नाही. वीस वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात. त्या दिवशी घरी जाताना मी सूरसागरच्या काठानं मुद्दाम पायी गेले.

पुढचं काम मग सरळ होतं, पण ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी नीट सांगते. वेदनेच्या रुग्णांसोबत आयुष्यभर काम केलेल्या विल्बर्ट फोर्डाइस यांनी एक साधा नियम घालून दिला: दुखेपर्यंत काम आणि दुखलं की आराम, हा क्रम मोडायचा. काम आणि आराम दोन्ही घड्याळावर ठेवायचे. ताई मशीनवर पंचवीस मिनिटं बसू शकत, मग कळ येई. आम्ही पंधरा मिनिटांवर मोबाइलचा गजर लावला. गजर झाला की उठायचं, दुखत नसलं तरीही. लोक घसरतात ते इथेच. बऱ्या दिवशी चार तास शिवतात, पुढचे तीन दिवस झोपून काढतात आणि म्हणतात, बघा, हलल्यामुळेच झालं. बरा दिवस असो वा वाईट, पंधरा म्हणजे पंधरा. आठवडा नीट गेला की दोन-तीन मिनिटं वाढवायची. फिजिओथेरपिस्टनी दिलेले व्यायाम चालूच.

घरच्यांना एकदा बोलावलं. यजमानांना म्हटलं, सकाळचा प्रश्न बदला. "कसं आहे?" ऐवजी "आज काय शिवणार?" विचारा. त्यांना ते निष्ठुर वाटलं. मी त्यांना सांगितलं, दिवसाचा पहिला प्रश्न दुखण्याबद्दल असला की दिवसभर लक्ष तिथेच बसतं. तुमची काळजी खरी आहे, तिला फक्त दुसरं दार द्या. सूनबाई लगेच समजली, तिनं पातेली परत केली.

गणपतीत दुखणं उसळलं. आरासीसाठी जास्त वेळ वाकल्या होत्या. फोनवर जुना आवाज आला, "मॅडम, गेलं सगळं." मी विचारलं, नवीन बधिरपणा आहे का, पावलात ताकद कमी वाटते का? नव्हतं काही. मग म्हटलं, "फूट वर उचला. चाक सोडू नका." दहा मिनिटांवर परत आलो. पाचव्या दिवशी त्या पुन्हा पंधरावर होत्या.

दुखतं किती, हे दहापैकी आकड्यात मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. सात. नवरात्राच्या तोंडावर पुन्हा विचारलं तर पाच. फार फरक नाही, असं कुणी म्हणेल. पण त्या वर्षी त्यांनी सहा चणियाचोळ्या शिवल्या, नातवाला उभ्यानं नाही पण बसून मांडीवर घेतलं, आणि संध्याकाळी हिंचक्यावर यजमानांनी रेटा द्यायचा नि ताईंनी नुसतं बसायचं, असं ठरलं. अष्टमीला सोसायटीच्या गरब्यात दोन फेऱ्या घेऊन, गजर झाल्यावर स्वतःहून खुर्चीत येऊन बसल्या.

शेवटच्या भेटीला त्या आल्या तेव्हा हातात तेच एमआरआयचं मोठं पाकीट होतं. मी विचारलं, पुन्हा दाखवायचं आहे का काही? त्यांनी ते उघडलं. आत ब्लाउजची कागदी कटिंग्ज होती, मापं लिहिलेली. इथून त्या थेट गिऱ्हाइकाकडे जाणार होत्या.

"कागद वाकत नाहीत यात," त्या म्हणाल्या. "फिल्म कपाटावर असेल कुठेतरी."