भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट विकत घेताय?

पुण्यात कोथरूड, औंध, बाणेर हे भाग चांगलेच. पण सोसायटी पारखून घ्या. एप्रिल-मेच्या मेंटेनन्स पावत्या मागा, टँकरचा खर्च तिथेच कळतो.

नवखे हिशोबातच फसतात. बारा नव्हे, अकरा महिन्यांचं भाडं धरा, एखादा महिना घर रिकामं राहू शकतं. त्यातून मेंटेनन्स, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्यास सोसायटी घेते ते शुल्क, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत) आणि मिळकतकर वजा करा. मिळकतकरातली महापालिकेची 40 टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यालाच मिळते, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

बाहेरगावी असाल तर:
- भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) आणि इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.
- लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरूशी होणारा करार) 11 महिन्यांचा असला तरी नोंदवाच. जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी ऑनलाइन होते.
- भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरा.

प्लंबर-इलेक्ट्रिशियनचे नंबर आधीच मिळवून ठेवा. बाकीचं नंतर बघू.