वाचकांचे प्रश्न: परत जायचंय, पण पाय उचलत नाही

प्रश्न: ताई, सलाम. मी सोलापूरचाच, वय 36, युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्याचं ख्रिस्ती, आजोबा मिलमध्ये कामाला होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे, मी स्वतः संडे स्कूलमध्ये वचनं पाठ म्हणून बक्षिसं घ्यायचो. पप्पा गेले तेव्हा घरात त्यांना ठेवलेलं असतानाच कमिटीतल्या एकानं थकलेल्या वर्गणीचा विषय काढला. ते डोक्यात बसलं आणि मी जायचं सोडलं, मग सवयच गेली. आता तसं सगळं नीट आहे, पगार वेळेवर होतो, बायको-मुलगी चांगल्या आहेत, तरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, कुणाशी बोलू नये असं वाटतं, उगाच मुलीवर ओरडतो. आई म्हणते, "किती दिस बाहेर बाहेर फिरालास, एकदा देवाच्या घरी ये." परवा मोबाईलवर एक संदेश ऐकला, त्यात म्हणाले ख्रिस्ताकडे परत आलात की त्याच क्षणी शांती मिळते. मी दार लावून गुडघे टेकले, प्रार्थना केली, काहीच झालं नाही. म्हणजे माझ्यात विश्वास उरलाच नाही का? आणि मनाला बरं वाटावं म्हणून देवाकडे जाणं हा स्वार्थ नाही का? इतक्या वर्षांनी गेलो तर लोक काय काय विचारतील ते वेगळंच.

उत्तर: दादा, सलाम. आधी त्या वर्गणीवर बोलते, कारण तुम्ही तो विषय दोन ओळीत उरकलाय पण मला वाटतं खरी गाठ तिथंच बसलीय. घरात वडिलांना ठेवलेलं असताना थकबाकी काढणं चूकच, त्याला दुसरं नाव नाही, आणि "जाऊ द्या हो, माणसंच आहेत ती" असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणारे तुम्हाला आजवर भरपूर भेटले असतील. राग येणारच. फक्त एवढं बघा की रागावलात त्या माणसावर आणि बोलणं बंद केलंत देवाशी. आपल्याकडे हे कितीतरी घरांत होतं, पाळकांशी वाजलं, कमिटीच्या इलेक्शनमध्ये वाजलं, मिशनच्या जागेवरून वाजलं, की पहिली बंद होते ती घरातली प्रार्थना. ज्याच्याकडे ही तक्रार न्यायची त्याच्याशीच अबोला धरला तर ती तक्रार आतच राहते आणि मग रात्री दोनपर्यंत जागं ठेवते.

आता ती दार लावून केलेली प्रार्थना. काही झालं नाही म्हणजे नेमकं काय झालं नाही? अंगावर काटा आला नाही, रडू आलं नाही, छाती हलकी झाली नाही, असंच ना? काही लोकांना त्या क्षणी खरंच खूप बरं वाटतं, त्यांची साक्ष खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण सगळ्यांना तसंच वाटलं पाहिजे आणि नाही वाटलं तर तुमचा विश्वास कच्चा, हे कुठून आलं? पंडिता रमाबाईंचं बघा. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं, तिथलं मुक्ती मिशन त्यांचं, आपल्या लोकांना हे सांगायला नको. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, त्यानंतर त्या अमेरिकेत फिरून आल्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवायला लागल्या, एवढं सगळं चालू होतं आणि तरी नंतर मागं वळून त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तेव्हा मला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला विसावा मिळेपर्यंत बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षं गेली. आठ वर्षं! आणि त्या काळात त्यांनी केलेली एकही प्रार्थना वाया गेली असं कोण म्हणेल? म्हणून एका रात्रीच्या प्रार्थनेवरून स्वतःचा निकाल लावू नका.

स्वार्थाचं म्हणाल तर बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातला, बापाकडून वाटा घेऊन घर सोडून गेलेला आणि सगळं उधळून बसलेला तो धाकटा मुलगा आठवा, संडे स्कूलमध्ये ही गोष्ट तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल पण आता मोठं झाल्यावर परत वाचा. तो परत का निघाला? बापाची आठवण आली म्हणून नाही. पोटात अन्न नव्हतं, डुकरांच्या शेंगांवर नजर गेली आणि त्याच्या मनात आलं की बापाच्या घरी मजुरांनासुद्धा पोटभर भाकरी मिळते आणि मी इथं उपाशी मरतोय. सरळ सरळ भाकरीसाठी उठला तो. वाटेत बोलायचं काय ते पण ठरवून ठेवलं, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणायच्या लायकीचा राहिलो नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. आणि प्रत्यक्ष बापासमोर उभा राहिल्यावर शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही, मजुरासारखं ठेवा हे तो म्हणायच्या आत बापानं चाकरांना झगा आणायला सांगितलेलं असतं. मला या सगळ्या गोष्टीत ते न बोललं गेलेलं वाक्य सगळ्यात जास्त आवडतं. बापानं "तू कशासाठी आलास, खरा पश्चात्ताप आहे का भूक आहे" हे विचारलंच नाही. तुम्हाला झोप नाही, मन शांत नाही, म्हणून देवाकडे जावंसं वाटतंय, तर त्याच कारणानं जा. प्रेम, भक्ती, ते सगळं नंतर येऊ दे.

आणि ज्या दिवशी प्रार्थनेला शब्द सुचणार नाहीत त्या दिवशी स्वतःचे शब्द शोधतच बसू नका. बायबलमधलं स्तोत्र 13 काढा, सहाच ओव्या आहेत, सुरुवातच "कोठवर" अशी आहे, परमेश्वरा तू मला विसरलास का, असं सरळ तोंडावर विचारलंय. मोठ्यानं वाचा, बायको-मुलगी झोपल्या असतील तर हळू वाचा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी काही गोडबिड नाही, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. म्हणजे रागानं केलेली तक्रार ही पण प्रार्थनाच. पप्पांच्या वेळी जे झालं ते तसंच्या तसं देवाला सांगा, त्या माणसाचं नाव घेऊन सांगा.

आजोबांची पेटी अजून घरात आहे का? असेल तर भाता तपासून घ्या. ते जी भजनं वाजवायचे त्यातली बरीच ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची असणार, ओवी-अभंगाच्या वळणाची, आपल्या कानाला सवयीची. मनात काही जागत नसलं तरी लहानपणी पाठ झालेलं गाणं तोंडात येतं आणि त्याच्या मागून मन येतं, हे मी अनेकांच्या बाबतीत बघितलंय. मुलीला एक भजन शिकवा. तिच्यावर ओरडता म्हणालात ना, मग दिवसातली दहा मिनिटं तिच्याशेजारी बसून गायचं, तेवढ्यानं तुमच्या दोघांचंही भलं होईल.

आता झोपेचं, आणि हे प्लीज मनावर घ्या. रोज दोनपर्यंत जागरण, चिडचिड, कुणाशी बोलू नये वाटणं, हे नुसतं आत्मिक नसतं, शरीराचंही असू शकतं, आणि वडील गेल्याचं दुःख नीट रडून झालं नसेल तर ते असं वर्षांनंतर पण बाहेर येतं. डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बीपी, शुगर बघून घ्या, गरज पडली तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जा, आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बायबलमधला एलीया संदेष्टा झाडाखाली बसून "आता माझा जीव घे" म्हणाला तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही, झोपू दिलं, भाकरी आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, आणि मग पुढचं बोलणं डोंगरावर. त्यामुळं गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, आणि "प्रार्थना झाली, आता औषध बंद करा" म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा, मग तो व्यासपीठावरून बोलत असला तरी.

लोकांचं मात्र मी खोटं सांगणार नाही, विचारतील. "अरे कुठं होतास इतकी वर्षं", "मिसेस आल्या नाहीत का", सगळं विचारतील. धाकट्या मुलाच्या त्या गोष्टीत थोरला भाऊ पण आहेच की, तो दाराबाहेर रुसून उभा राहतो, आणि बाप त्याची पण समजूत काढायला बाहेर येतो. एक उत्तर तयार ठेवा, "हो, बरीच वर्षं झाली, आता आलोय", बास, एवढंच, पुढं काही सांगायची गरज नाही. नाताळ किंवा ईस्टरच्या गर्दीत जाऊ नका, साधा रविवार निवडा, आईला बरोबर घ्या, तिच्याशेजारी बसा. त्याच्या आधी एखाद्या संध्याकाळी पाळकसाहेबांना फोन करून घरी बोलवा आणि वर्गणीची ती गोष्ट चहा घेता घेता स्पष्ट सांगा, त्यांना कदाचित माहीतच नसेल. आणि त्याच चर्चमध्ये जाऊन बसणं खरंच जमत नसेल, तो माणूस समोर दिसला की डोकं फिरत असेल, तर सोलापुरात दुसरी चर्च आहेत, तिथं जा. काही महिन्यांनी राग निवळला तर परत इकडे या.

प्रश्न: मी माहेरची कॅथलिक, नवरा हिंदू, लग्न रजिस्टर केलं, चर्चमध्ये काही झालं नाही. सासूबाई चांगल्या आहेत, गड्ड्याच्या जत्रेला मीही त्यांच्याबरोबर नंदीध्वज बघायला उभी राहते. पण आता आई गेल्यापासून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जावंसं फार वाटतं. नवऱ्याला न सांगता गेले तर चालेल का? आणि फादर मला आत घेतील का?

उत्तर: ताई, मिस्साला जायला कुणाची परवानगी लागत नाही, तुम्ही कॅथलिक होतात आणि आहात, दार उघडंच आहे. लग्न चर्चच्या रीतीनं झालेलं नसल्यामुळं पापनिवेदन (फादरसमोर पापांची कबुली) आणि कम्युनियन (मिस्सातला भाकरीचा प्रसाद) घ्यायच्या आधी फादरना भेटून सगळं सांगावं लागेल, ते लग्न चर्चमध्ये मान्य करून घ्यायची पद्धत आहे, नवरा हिंदू राहूनही ते होऊ शकतं, त्यानं धर्म बदलायची अट नसते. कागद काय लागतील ते फादर सांगतील, बाप्तिस्म्याचा दाखला माहेरच्या पॅरिशमधून, म्हणजे तिथल्या चर्चमधून, काढून ठेवा.

पण नवऱ्याला न सांगता जाऊ नका. लपवून गेलात तर मिस्सामध्ये पण अर्धं लक्ष घड्याळाकडे राहील, आणि कधीतरी बाहेरून कळलं तर विषय देवाचा राहणार नाही, विश्वासघाताचा होईल. आई गेली, तिची आठवण येते, तिच्याबरोबर मी जायचे तिथं मला जायचंय, एवढं साधं सांगितलं तर मला नाही वाटत ते नाही म्हणतील. सासूबाईंना पण सांगा, तुम्ही नंदीध्वजांना त्यांच्याबरोबर उभ्या राहता ते त्यांच्या लक्षात असणारच.

एका घरात दोन श्रद्धा हे आपल्याकडे नवीन नाही. वर ज्यांच्या भजनांचं म्हटलं त्या नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये, मधल्या काळात त्या दोघांनी काय काय सोसलं ते लक्ष्मीबाईंनी स्वतःच सांगून ठेवलंय, ताटातूट पण झाली, पण लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या मनानं आल्या. कुणाला ओढून न्यायचं नाही आणि आपण पण मागं राहायचं नाही, असं जगता येतं. मुलं असतील तर त्यांचं काय करायचं हे दोघांनी मिळून ठरवा, पहिल्याच आठवड्यात तो विषय काढू नका.

प्रश्न: लहानपणी बाप्तिस्मा झालेला आहे, मधे बरीच वर्षं काहीच केलं नाही. आता परत आलोय तर एका प्रार्थना ग्रुपचे लोक म्हणतात परत पाण्याचा बाप्तिस्मा घ्या, नाहीतर खरी शांती मिळणार नाही. घ्यावा का?

उत्तर: तुमचं घर जुन्या अमेरिकन मराठी मिशनचं असणार असं पत्रावरून वाटतं. ती मंडळी 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली, आणि तिथं काय किंवा कॅथलिक चर्चमध्ये काय, बाप्तिस्मा एकदाच, परत देत नाहीत. 381 सालापासून चालत आलेल्या मतांगीकारातही, म्हणजे चर्चमध्ये म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीतही, एकच बाप्तिस्मा म्हटलंय. काही मंडळ्या फक्त मोठेपणी घेतलेला बाप्तिस्मा मानतात, त्यांची ती प्रामाणिक समजूत आहे, त्यांच्याशी भांडू नका. पण "नाहीतर शांती मिळणार नाही" ही धमकी झाली, आणि धमकीला घाबरून काही घेऊ नका. तुम्ही दूर होतात तेव्हाही देवानं तुमचा बाप्तिस्मा रद्द केला नव्हता. तुमचं दृढीकरण, म्हणजे लहानपणीच्या बाप्तिस्म्यावर स्वतःच्या तोंडून होकार देण्याचा विधी, झालं नसेल तर पाळकांना सांगून त्याच्या वर्गाला नाव घाला, आणि पुढच्या प्रभुभोजनाला या.