यानावर ताण येतो की दाब?

रॉकेट उडताना त्याच्यावर ‘ताण’ येतो म्हणायचं, ‘दाब’ येतो की पाठ्यपुस्तकातलं ‘प्रतिबल’, असं एकांनी विचारलंय. घोळ बातम्या देणाऱ्यांनी घातलाय. उड्डाण असो की परतीचा प्रवास, यांचा आपला एकच ‘प्रचंड ताण’! अहो, खालून इंजिन रेटतंय, वरून हवा अडवतेय. मधलं यान चेपलं जातंय, ताणलं कुठे जातंय? उड्डाणानंतर साधारण मिनिटभराने ‘मॅक्स क्यू’ येतो. वेग वाढत असतो, हवा विरळ होत असते आणि मध्येच कुठेतरी हवेचा मारा कमाल होतो. तोही दाबच. स्पेस शटलची इंजिनं त्या सुमाराला मुद्दाम मंद करत.

‘प्रतिबल’ चूक नाही. ओढ, दाब, पीळ सगळं त्यात बसतं. पण बोलताना कोण वापरणार? सोडा.

खरी गंमत ‘ताण’मध्ये आहे. संस्कृत ‘तन्’ म्हणजे पसरणं, ओढून लांबवणं. त्यातूनच तंतू, त्यातूनच गवयाची तान. त्याच्याच लॅटिन भावंडापासून इंग्रजीत टेन्शन आणि टेंट आले. ‘टेन्शन नको, ताण म्हणा’ असा दंडक घालणाऱ्यांनी हे गोत्र एकदा बघावं!

आता माझा लाडका तर्क. तंबूच्या दोरीला मराठीत तणावा म्हणतात. तो अरबी-फारसी ‘तनाब’वरून आला. ‘तणाव’ हिंदीची उसनवारी म्हणून हाकलायला निघालेल्या शुद्धिवाद्यांना विचारतो, ज्यांच्या पिढ्या छावण्यांत गेल्या त्यांना खुंटीला आवळलेला तणावा ठाऊक नव्हता? मग आवळलेल्या अवस्थेला तणाव म्हणायला हिंदी कशाला हवी? पुरावा मागू नका, तर्क आहे.

खराखुरा ताण बघायचाय? अमेरिकेचं ॲटलस रॉकेट घ्या. टाक्यांचा पोलादी पत्रा इतका पातळ, की आत वायू भरून तो ताठ ठेवावा लागे. आतला दाब गेला की टाकी स्वतःच्याच वजनाने चेपायची. तंबूच तो! २९ जुलै १९६० रोजी त्यावरून सोडलेल्या मर्क्युरी या माणूस नेण्यासाठीच्या यानाची माणसाविना चाचणी मिनिटभरात, मॅक्स क्यूच्या आसपास फसली. पुढच्या ॲटलसला वरच्या अंगाला पोलादी पट्टा आवळला, तेव्हा फेब्रुवारी १९६१ची खेप नीट पार पडली. वर्षभराने अंतराळवीर जॉन ग्लेन ॲटलसवरूनच अवकाशात गेला. त्या पत्र्यावर ताण होता म्हणा, खुशाल म्हणा.