झेरॉक्स ‘काढतात’ की ‘मारतात’?

प्रश्न असा आला आहे : ‘झेरॉक्स’ हा मराठी शब्द मानायचा, की ‘छायाप्रत’च लिहायचं? आणि ती काढायची की मारायची?

आधी शब्दाचा जन्म, कारण तो चक्क तारखेनिशी सापडतो. २२ ऑक्टोबर १९३८, न्यूयॉर्कमधलं अस्टोरिया. चेस्टर कार्लसन एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होता आणि तिथं कागदांच्या नकला कधीच पुरेशा नसत. त्यानं आणि त्याचा मदतनीस ओटो कोर्नेई यानं गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा कापडानं खसाखसा घासला. त्यावर अक्षरं लिहिलेली काच ठेवून दिव्याचा उजेड पाडला, बारीक भुकटी भुरभुरली आणि फुंकर मारली. अक्षरांपुरती भुकटी पत्र्याला चिकटून राहिली, ती मेणकागदावर उचलली. कागदावर उमटलं : ‘१०-२२-३८ अस्टोरिया’.

यात ओलं काहीच नव्हतं. म्हणून पुढं ओहायोतल्या एका भाषापंडितानं ‘झेरोग्राफी’ हे नाव सुचवलं. ग्रीकमध्ये ‘झेरोस’ म्हणजे कोरडं आणि ‘ग्राफेइन’ म्हणजे लिहिणं. थोडक्यात, कोरडं लेखन. (मराठीत एखाद्या लेखकाला असं म्हणून बघा!) रॉचेस्टरच्या हॅलॉइड कंपनीनं त्यावरून ‘झेरॉक्स’ घडवलं. कॅमेऱ्याच्या फिल्मवाली कोडॅक त्याच गावची, तेव्हा तिच्यासारखंच इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही टोकांना एकच अक्षर : तिचं ‘के’, याचं ‘एक्स’. १९५९ साली ‘९१४’ हे यंत्र आलं. ९ बाय १४ इंचांपर्यंतचा कागद घेणारं, म्हणून ९१४. ते इतकं चाललं की १९६१ मध्ये कंपनीनंच ‘झेरॉक्स कॉर्पोरेशन’ नाव घेतलं. मग लोक झेरॉक्सचं सरसकट क्रियापद करू लागले आणि तसं करू नका म्हणून कंपनीला जाहिराती द्याव्या लागल्या.

मराठीनं क्रियापद केलंच नाही. आपल्याकडं ते नाम राहिलं आणि क्रियापद जुनंच मिळालं. सातबाराचा उतारा काढतात, निकालपत्राची नक्कल काढतात, तशीच झेरॉक्स काढतात. लिंगही बहुधा तिथूनच आलं : नक्कल ती, प्रत ती, म्हणून झेरॉक्सही ती. ‘दोन झेरॉक्स काढल्या’, ‘काढले’ नव्हे. ‘मारणे’ हे शिक्का मारण्याच्या चालीवरचं वाटतं. कानाला जरा घाईचं लागतं, पण चूक म्हणणार नाही.

‘छायाप्रत’ हा ‘फोटोकॉपी’चा सरळ अनुवाद. अर्जात ‘छायाप्रत जोडावी’ शोभतं, पण दुकानात कुणी ‘दोन छायाप्रती द्या’ म्हणालं तर मागचे लोक वळून बघतील. मी तरी झेरॉक्सला मराठीच मानतो. यंत्रावर नाव कॅननचं असलं तरी दुकानाची पाटी ‘झेरॉक्स सेंटर’च असते. आणि त्याच दुकानातला पोरगा आधारकार्ड हातात घेऊन यंत्राच्या काचेवरचं झाकण उघडता उघडता विचारतो, ‘‘पाठपोट काढू ना, काका?’’