स्टुटगार्टला भाड्याचं घर शोधताय? आधी हीटिंग विचारा

नोव्हेंबरमध्ये तुम्ही तिघं पुण्याहून स्टुटगार्टला येताय, मुलगी चार वर्षांची, आणि पाहिलेल्या तीन घरांपैकी 120 युरोंनी स्वस्त असलेलं घ्यावं का, असं विचारलंय. त्याच्या जाहिरातीत ‘नाख्टश्पायखर’ लिहिलंय ना? मग ते सोडा.

नाख्टश्पायखर म्हणजे खिडकीखाली ठेवलेली, घर गरम करणारी अवजड पेटी. आतल्या विटा रात्री विजेवर तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. आमचा पहिला हिवाळा तिच्यावरच गेला. दिवसा रिकामं घर गरमागरम, आणि संध्याकाळी सातला परत यावं तर विटा निवलेल्या. आम्ही स्वेटर घालून कुकरपाशी उभे. इथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण तिप्पट महाग आणि हे बिल भाड्यात धरलेलं नसतं, ते थेट तुमच्या नावावर येतं. तुमचे 120 युरो तिथेच जिरतील.

जुन्या इमारतीतलं गॅसचं घर वाईट नाही. फक्त बॉयलर तळघरात सगळ्यांचा मिळून आहे की तुमच्या घरात वेगळा, ते विचारा. वेगळा असेल तर गॅसचं कंत्राट तुम्हीच करायचं. सामाईक असेल तर दरमहा भाड्यासोबत ठरावीक रक्कम जाते आणि खरा हिशेब नंतर येतो. हिशेबाचं वर्ष संपल्यावर तो द्यायला मालकाला 12 महिने असतात, तोवर आपण हिवाळा विसरलेलो असतो. खर्चाचा 50 ते 70 टक्के भाग वापरावर, उरलेला बहुधा क्षेत्रफळावर. म्हणजे डिसेंबरात महिनाभर पुण्याला गेलात तरी बिल शून्य होत नाही.

रेडिएटरच्या नॉबवर 1 ते 5 आकडे असतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश. थंडीत घरी आलं की हात आपोआप 5 वर जातो, पण त्यानं खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते.

तिसऱ्या, नव्या घरात फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या आणि बाहेर हीट पंप आहे. तो दिसतो एसीच्या आउटडोअर युनिटसारखा आणि काम करतो उलट्या एसीचं: बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळते. फरशीखाली 35 अंशांच्या आसपासचं पाणी पुरतं, म्हणून ही जोडी जमते. खोट एकच, सुस्तपणा. आज तापमान वाढवलंत तर फरक कळायला काही तास जातात. एकदा लावून विसरायचं आणि जाड गालिचे अंथरायचे नाहीत. चार वर्षांची मुलगी दिवसभर फरशीवरच असणार, तिला हेच बरं. (आता आमच्याकडेही हेच आहे. दही बाथरूमच्या फरशीवर, टॉवेलात गुंडाळून छान विरजतं.)

घर कुठलंही घ्या, दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा. वरणाची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांमुळे आमच्या कपाटामागची भिंत काळी पडली होती, आणि बुरशीचा दोष मालकानं आमच्याच माथी मारला.

घर दाखवताना मालकाला ‘एनर्गीआउसवाइस’, म्हणजे इमारतीला किती ऊर्जा लागते त्याचं प्रमाणपत्र, दाखवावंच लागतं. त्यावर इमारतीचा वर्ग असतो, ए-प्लस (सगळ्यात चांगला) ते एच (सगळ्यात वाईट). गॅसच्या घराचा वर्ग कोणता तेवढं कळवा. डी-ई असेल आणि किंडरगार्टन जवळ असेल तर मी तेच घेईन. जी-एच असेल तर तिसरं.