वर्षाला किती तासांचं ट्रेनिंग पुरे? आधी तास मोजणं सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती आणि कुटुंबसाहाय्य ही तिन्ही कामं चालणारं केंद्र आहे, समुपदेशक, केसवर्कर आणि कार्यालयातले मिळून पंचवीस जण आहेत. त्यांना वर्षाला किती तास ट्रेनिंग द्यावं, आणि कार्यपद्धतीत बदल आला की दर वेळी सगळ्यांना पुन्हा वर्गात बसवावं का?

तासांचा आकडा तुमच्या परवान्याच्या किंवा अनुदानाच्या अटींत असेल. तेवढे तास भरा, हजेरीपटावर सह्या घ्या, फाइल बंद करा. फक्त त्याला ट्रेनिंग म्हणू नका. वार्षिक अहवालात ‘इतके कर्मचारी, इतके तास’ असा रकाना भरून समाधान मानणाऱ्यांशी माझं याच मुद्द्यावर कधी जमलेलं नाही, त्यामुळे उत्तर जरा तिकडे झुकणार.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची, म्हणजे बदलायची इच्छा समोरच्याच्याच तोंडून बाहेर काढणाऱ्या संवादाची पद्धत 1983 मध्ये मांडली. ती शिकवल्यावर खरंच अंगात येते का, हे तपासायचं धाडसही त्यांनीच केलं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यसन-उपचारात काम करणारे 140 परवानाधारक पाच गटांत वाटले होते. एका गटाला नुसती कार्यशाळा, दुसऱ्याला कार्यशाळा आणि रेकॉर्डिंगवर अभिप्राय, तिसऱ्याला कार्यशाळा आणि कोचिंग, चौथ्याला हे सगळं, आणि पाचव्याला आपलं आपण शिकण्याचं साहित्य. नुसत्या कार्यशाळेनं कौशल्य वाढलं आणि चार महिन्यांत घसरलं. अभिप्राय किंवा कोचिंग मिळालेल्यांचं टिकलं. पण समोर बसलेल्या माणसाच्या बोलण्यात बदलाच्या बाजूची वाक्यं वाढली ती फक्त चौथ्या गटात. आपल्याला हवं असतं ते हेच, नाही का? त्याआधीच्या एका छोट्या अभ्यासात तर असं दिसलं होतं की कार्यशाळेनंतर लोक स्वतःबद्दल जे सांगतात आणि टेपवर जे ऐकू येतं, त्यांत भलतंच अंतर असतं. तेव्हा ‘ट्रेनिंग कसं वाटलं, पाचपैकी गुण द्या’ हा फॉर्म आजपासून छापू नका.

त्यापेक्षा टेप ऐका. प्रत्येक समुपदेशकाचं महिन्याला एक सत्र, त्यातली मधली सलग वीस मिनिटं. कागदावर दोन रकाने आखा: प्रश्न आणि रिफ्लेक्शन, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्यापुढे परत ठेवणारं वाक्य. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग किती जमतं हे मोजणाऱ्या एमआयटीआय या मोजपट्टीत एका प्रश्नामागे एक रिफ्लेक्शन असलं तर काम बरं, दोन असली तर चांगलं मानतात. शिवाय रिफ्लेक्शनांपैकी 40 ते 50 टक्के ‘सखोल’ हवीत. समोरचा म्हणाला, ‘घरचे मागे लागले म्हणून आलो.’ त्यावर ‘म्हणजे घरच्यांमुळे आलात’ हे साधं झालं. ‘कुणी ढकललेलं तुम्हाला नको होतं, आपल्या मनानं ठरवायचं होतं’ हे सखोल. नवशिक्याच्या टेपवर प्रश्नांमागून प्रश्न येतात, चौकशी चालल्यासारखे. ते मोजून दाखवलं की वाद घालावा लागत नाही, आकडाच बोलतो.

इथेही घोळ होतात. टेप समुपदेशकानं निवडली तर तो आपली उत्तम टेप आणतो, म्हणून तारीख तुम्ही ठरवा. सुपरवायझर एका दमात सात चुका सांगतो आणि माणूस त्यातली एकही सुधारत नाही. एकच गोष्ट सांगा, आणि ती तिथल्या तिथे दोनदा बोलून घ्या. सुपरव्हिजनचा तास ‘केस कुठवर आली, नोंदी का राहिल्या’ यात संपतो, तेव्हा टेप आधी आणि नोंदी नंतर. रेकॉर्डिंगची लेखी संमती घ्या आणि टेप कधी पुसणार ती तारीखही त्याच कागदावर लिहा. नंतर लिहू म्हटलं की राहतं.

वेळ कुठून आणायचा, हा ठरलेला आक्षेप. हिशेब करा. पंचवीस जण, दोन दिवस, रोजचे सहा तास: वर्षाची एक कार्यशाळा 300 मनुष्यतास खाते. पंधरा समुपदेशक धरा. प्रत्येकामागे सुपरवायझरची वीस मिनिटं ऐकण्यात, आणि मग दोघांची वीस-वीस मिनिटं बोलण्यात, म्हणजे माणशी एक तास. महिन्याला 15, वर्षाला 180. तासच मोजायचे होते ना? मोजले.

आता ज्या विषयात हजेरीपटाची किंमत सगळ्यात महाग पडते तो विषय: आत्महत्येचा धोका. ‘मी स्वतःला इजा करणार नाही’ असं लिहून घेऊन सही घेण्याची जुनी पद्धत अजून कित्येक फाइलींत सापडते. त्या कागदानं धोका कमी होतो याला पुरावा नाही. उलट माणूस समुपदेशकाला वाईट वाटू नये म्हणून पुढच्या वेळी खरं बोलत नाही. त्याजागी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या मानसशास्त्रज्ञांची सुरक्षा योजना आली, तिच्या सहा पायऱ्या आहेत: धोक्याची सुरुवात ओळखण्याच्या खुणा, एकट्यानं करता येतील असे उपाय, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदत, आणि घातक साधनं हाताशी राहणार नाहीत याची व्यवस्था. 2018 च्या एका मोठ्या अभ्यासात आपत्कालीन विभागात आलेल्यांना ही योजना आणि नंतर पाठपुराव्याचे फोन मिळाले, तिथे पुढच्या सहा महिन्यांत आत्मघातकी वर्तन 45 टक्क्यांनी कमी आढळलं. ‘आणि फोन’ हे दोन शब्द ट्रेनिंगमध्ये गळतात. फॉर्म येतो, फोन येत नाहीत. पहिला फोन 72 तासांच्या आत जायचा असतो. तो कुणी करायचा, सुट्टी आडवी आली तर कुणी, हे नावानिशी लिहिलेलं नसेल तर तुमच्याकडे ही पद्धत सुरूच झालेली नाही.

भरलेले दहा फॉर्म काढून बघा, त्याच त्याच चुका दिसतील. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत तीच दोन नावं. तिसरीतल्या माणसाला काही सांगायचं नसतं, त्याच्याबरोबर नुसता वेळ घालवायचा असतो, चौथीतल्याला मात्र खरं सांगायचं असतं. हा फरक न कळता पीपीटी वाचली की असं होतं. दुसऱ्या पायरीत ‘मन रमवणे’ असं काहीतरी मोघम. काय करणार, कुठे, ते रात्री दोनला जमेल का, हे विचारलेलं नसतं. सहावी पायरी रिकामी, कारण विचारायला अवघड वाटतं. किंवा ‘घरच्यांना सांगितले’ एवढंच. साठवलेली औषधं कोण, कुठे, कधी हलवणार याचा पत्ता नाही. भाषा समुपदेशकाची, माणसाची नाही. आणि शेवटी मूळ कागद फाइलमध्ये, माणूस रिकाम्या हातानं घरी. यातली प्रत्येक चूक पंधरा मिनिटांच्या रोल-प्लेमध्ये पकडता येते. दिवसभराच्या व्याख्यानात एकही पकडता येत नाही.

धोका तपासण्याच्या प्रश्नावलीचंही तेच. कोलंबिया स्क्रीनरमध्ये सहा प्रश्न. दुसऱ्याला ‘हो’ आलं तर तिसरा, चौथा, पाचवा आणि सहावाही विचारायचा. ‘नाही’ आलं तर थेट सहावा, म्हणजे आजवर आणि गेल्या तीन महिन्यांत काही केलं होतं का. घाईतला माणूस दुसऱ्या ‘नाही’वरच थांबतो आणि जुना प्रयत्न नोंदीत येतच नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. नाही, सगळ्यांना बसवू नका. बदलाचं एक पान काढा आणि पहिली ओळ ‘आजपासून काय बंद’ ही असू द्या. परिपत्रकात नेमकी हीच ओळ नसते, म्हणून जुनं आणि नवं दोन्ही शेजारी शेजारी चालत राहतं. मग कुणासाठी, कोणत्या तारखेपासून, कोणता फॉर्म, अडलं तर कुणाला विचारायचं. त्याच दिवशी जुने फॉर्म कपाटातून आणि संगणकातून काढून टाका. जुना फॉर्म जवळ असेल तोवर हात तिकडेच जातो.

काही बदल मात्र पानावर मावत नाहीत. आयसीडी-11 हे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं, त्याच वर्षी मार्चमध्ये डीएसएम-5-टीआर हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं निदानपुस्तक आलं, आणि दोन्हींत प्रदीर्घ शोकाचं निदान आहे. आयसीडीत मुदत सहा महिन्यांहून जास्त, डीएसएममध्ये प्रौढांसाठी किमान बारा महिने. जोडीदार जाऊन आठ महिने झालेली तीच बाई एका चौकटीत बसते, दुसरीत नाही. असा बदल निदान आणि नोंदी करणाऱ्यांना दोन-तीन उदाहरणं सोडवायला देऊनच शिकवावा लागतो. स्वागतकक्षातल्या माणसाला तो नको. त्याला फोनवर कुणी ‘आता जगावंसं वाटत नाही’ म्हणालं तर लाइन न तोडता कुणाला बोलवायचं, हे पाठ हवं, आणि ते बहुतेक ठिकाणी कुणी शिकवतच नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मिलर यांच्या चाचणीत स्वतःहून अर्ज करून आलेले लोक होते, तुमच्याकडे निम्मे तरी ‘पाठवलंय म्हणून’ आलेले असतील, तेव्हा तेवढ्या फरकाची हमी देत नाही. आणि अल्पवयीन किंवा हिंसाग्रस्त माणसांच्या कामात रेकॉर्डिंग अनेकदा शक्यच नसतं. तिथे ठरलेल्या प्रसंगाचा रोल-प्ले घ्या आणि एनॅक्टसारख्या, मदत करणाऱ्याची मूलभूत कौशल्यं तपासणाऱ्या चार पातळ्यांच्या मोजपट्टीवर तपासा. तिची पहिली पातळी ‘हानिकारक वर्तन’ अशी आहे. एखाद्या मुद्द्यावर कुणी त्या पातळीवर सापडला, तर तो सुधारेपर्यंत त्याला एकट्याला सत्रात बसवू नका, प्रमाणपत्र कितीही तासांचं असो.